जुना अँड्रॉइड टीव्ही बॉक्स घरचा फाइल सर्व्हर म्हणून वापरता येईल का?

हो, येईल, फक्त आतली चिप अ‍ॅमलॉजिक किंवा रॉकचिपची असली पाहिजे, कारण आर्मबियन हे लिनक्स (अँड्रॉइडऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) या बॉक्सवर बसवणाऱ्यांचा अनुभव मुख्यतः याच चिपांवर आहे. माझ्याकडे अ‍ॅमलॉजिकच्या एस९०५एक्स चिपचा बॉक्स याच कामाला आहे. आर्मबियनची इमेज, म्हणजे पूर्ण सिस्टिमची एकच तयार फाइल, मायक्रोएसडी कार्डावर लिहा आणि त्यातल्या एक्सटीलिनक्स डॉट कॉन्फ फाइलमध्ये आपल्या चिपला जुळणाऱ्या डीटीबी फाइलचं (बॉक्समधलं हार्डवेअर लिनक्सला सांगणारी फाइल) नाव लिहा. बॉक्स सुरूच झाला नाही, तर बहुतेक वेळा इथेच चूक असते. कार्ड तयार झालं की ते बॉक्समध्ये घालून एव्ही जॅकच्या भोकात टूथपिक घालून आतलं बटण दाबून धरायचं आणि तसंच दाबून ठेवत वीज जोडायची, म्हणजे बॉक्स कार्डावरून सुरू होतो. अँड्रॉइड लगेच पुसू नका. आधी सगळं कार्डावरूनच चालवून बघा. पुढे सांबा (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारा प्रोग्राम) टाकलं की विंडोज आणि मोबाइलवर फोल्डर दिसू लागतात. हार्ड डिस्कला मात्र स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी हब द्याच, बॉक्सच्या पोर्टमधून मिळणारी वीज तिला पुरत नाही आणि कॉपी चालू असतानाच डिस्क गायब होते. ती ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करा.

वेगाची अपेक्षा माफक ठेवा. एस९०५एक्सच्या बॉक्समध्ये सहसा १०० एमबीपीएसचं इथरनेट आणि यूएसबी २.० असतं, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११ एमबी. फोटो, गाणी, सिनेमे यांना तेवढं भरपूर आहे. मोठ्या व्हिडिओंचं एडिटिंग थेट सर्व्हरवरून करायचं असेल, तर गिगाबिट इथरनेट आणि यूएसबी ३.० असलेला रॉकचिपच्या आरके३३२८ किंवा अ‍ॅमलॉजिकच्या एस९०५एक्स३ चिपचा बॉक्स शोधा.