रांजणवाडी, डोळे येणे आणि उरलेले थेंब

प्रश्न : भातझोडणीत यजमानांच्या डोळ्यात कुसळ गेले, तेव्हापासून डोळा ठणकतो आहे. सासूबाईंचे डोळे लाल होऊन पाणावतात आणि मुलीच्या पापणीवर दुखरी पुळी आली आहे. घरात गेल्या वर्षीचे थेंब उरले आहेत. ते तिघांना घालावेत का?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : ते थेंब कोणालाही घालू नका आणि यजमानांना आजच नेत्रतज्ज्ञांकडे न्या. कुसळाने किंवा पात्याने बुबुळावर बारीक ओरखडा उठतो, त्यातून बुरशी शिरू शकते आणि सुरुवातीला नुसती लालीच दिसत असल्यामुळे हे दुखणे अंगावर काढले जाते. उजेड सहन न होणे, धूसर दिसणे, बुबुळावर पांढरट ठिपका उमटणे ही त्याची लक्षणे. जुन्या थेंबांत स्टेरॉइड असेल, तर लाली ओसरून डोळा बरा झाल्यासारखा वाटतो, पण आत बुरशी फोफावते आणि पुढे बुबुळावर कायमचे फूल पडून दृष्टी अधू होऊ शकते. चिपळूण गाठण्यात कामाचा दिवस मोडतो हे मी जाणतो. तरीही तो मोडाच.

सासूबाईंचे बहुधा डोळे आले आहेत. एका डोळ्यातून सुरुवात, मग दुसरा, पातळ पाणी आणि खुपणे ही विषाणूची लक्षणे असून त्यावर प्रतिजैविक चालत नाही. एक-दोन आठवड्यांत ते आपोआप बरे होते. पिवळी, चिकट चिपडे येऊन सकाळी पापण्या चिकटत असतील, तर जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात साथ आली, तेव्हा रुग्णाच्या डोळ्यांत पाहायलाही लोक घाबरत होते. वास्तविक संसर्ग नजरेने नव्हे, तर हात, पंचा आणि उशीच्या अभ्र्यातून पसरतो.

मुलीची पुळी पापणीच्या केसाच्या मुळाशी असेल, तर ती रांजणवाडी होय. स्वच्छ कापड कोमट पाण्यात पिळून दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटे शेक द्या. पुळी फोडू नका. दुखणे थांबूनही गाठ राहिली, तर ती तुंबलेल्या तैलग्रंथीची असते. रांजणवाडी वारंवार होत असेल, तर पापण्यांच्या कडांवर कोंड्यासारखे खवले आहेत का ते पाहा. मात्र सगळी पापणी सुजली, ताप आला किंवा डोळा हलवताना दुखू लागला, तर त्याच रात्री रुग्णालयात न्या.

उरलेली बाटली टाकून द्या; डोळ्यांचे बहुतेक थेंब बाटली उघडल्यापासून महिनाभरच वापरायचे असतात.