लिनक्सवर वायफाय कार्ड चालत नसेल, तर आधी काय पाहावे

लिनक्सवर वायफाय कार्ड चालत नाही, काय करावे, असे आपण विचारले आहे. दर्यापूरजवळच्या गावात बसून आपण जुन्या संगणकावर लिनक्स शिकत आहात, याचा मला मनापासून आनंद झाला. वायफाय बंद पडले म्हणून लगेच सगळे पुन्हा इन्स्टॉल करू नये. नवशिक्यांची ही नेहमीची चूक आहे आणि तिच्यामुळे दोषाचा माग पुसला जातो.

प्रथम टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘एलएसपीसीआय’ ही जोडलेल्या कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा ‘के’ या पर्यायासह (lspci -k) द्यावी. प्रत्येक कार्डाखाली सध्या कोणता ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) वापरात आहे आणि कोणती मॉड्यूल (लिनक्सला जोडता येणारे असे ड्रायव्हर) उपलब्ध आहेत, हे त्यात दिसते. ब्रॉडकॉम या कंपनीच्या कार्डाखाली ‘बी४३’ (b43) व ‘डब्ल्यूएल’ (wl) अशी दोन्ही मॉड्यूलची नावे आली, तर एकाच कार्डावर दोघे हक्क सांगत असण्याची शक्यता असते. अशा वेळी त्या कार्डाला न लागणारे मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करावे, म्हणजे ते आपोआप सुरू होऊ नये अशी नोंद करावी.

कार्ड यादीतच नसेल, तर वीजजोड काढून ते पुन्हा घट्ट बसवावे. माझ्या कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर धुळीत मिसळलेले कापसाचे तंतू निघाले होते, आणि ते पुसताच कार्ड ओळखले गेले.

दोन उपकरणांचा आयआरक्यू क्रमांक (उपकरण ज्यावरून प्रोसेसरचे लक्ष वेधते तो क्रमांक) एकच दिसला तरी घाबरू नये, कारण पीसीआयमध्ये, म्हणजे संगणकात कार्डे जोडण्याच्या पद्धतीत, तो वाटून घेता येतो.

एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत नोंदवावा. एवढे करूनही अडले, तर ‘डीमेसेज’ (dmesg) या लिनक्सच्या अंतर्गत नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेचे उत्तर मला जसेच्या तसे पाठवावे.