‘सबर्बन’ला ‘उपनगरी’ चालेल का?

एका वाचकाने विचारलं आहे: १९५०च्या दशकातली एक अमेरिकी कथा मराठीत आणतोय. त्यात एक बाई मैत्रिणीबद्दल नाक मुरडून म्हणते, ‘ती अगदी सबर्बन झाली आहे.’ इथे ‘उपनगरी’ चालेल का?

माझ्या मते नाही. कोशात अर्थ जुळतो, पण डोळ्यांपुढे भलतंच चित्र येतं. उपनगर म्हटलं की आपल्याला अंधेरी, मुलुंड, बोरिवली आठवते; लोकल, स्टेशनबाहेरचा भाजीबाजार आणि गच्च इमारती. १९५० आणि १९५७ साली हद्द वाढली तेव्हा ही ठिकाणं मुंबई महापालिकेतच आली. अमेरिकी सबर्ब बहुधा शहराच्या हद्दीबाहेरचं. तिथली पालिका, कर, शाळा सगळं वेगळं, आणि गाडीशिवाय पान हलत नाही.

त्या बाईच्या डोक्यात असणार लेव्हिटटाउनसारखी वसाहत. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांवर लेव्हिट यांच्या कंपनीने १९४७ ते १९५१ या काळात १७,०००हून जास्त घरं उभी केली. बांधकामाचे पंचवीस-तीस टप्पे पाडलेले, आणि एकेक टोळी आपलं एकच काम करत एका घराकडून दुसऱ्या घराकडे सरकायची. १९४९ सालचं घर ७,९९० डॉलरला मिळे. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला सरकारी हमीमुळे सुरुवातीला पदरचे पैसेही घालावे लागत नसत. म्हणून इथे ‘बंगलेवाली’ही नको, ही घरं जेमतेम ७५०-८०० चौरस फुटांची होती.

खरी गंमत नियमांची. हिरवळ दर आठवड्याला कापायची. तुम्ही नाही कापलीत तर कंपनीचा माणूस येऊन कापणार आणि बिल तुमच्या नावावर. कुंपण घालायचं नाही. कपडे फक्त मागच्या अंगणात, घडी होणाऱ्या स्टँडवर वाळत घालायचे, दोरीवर नाही, आणि शनिवार-रविवारी तर मुळीच नाही. (बोरिवलीत असा ठराव कुणी मांडला तर सोसायटीची सभा पहाटेपर्यंत चालेल.) नवरा सकाळी शहरात गेला की बायकोचा दिवस घर, मुलं आणि शेजारणींबरोबरची कॉफी यांत जायचा. घरं एकसारखी तशी माणसंही एकसारखी होत चालली आहेत, हा टोमणा शहरातले शिकलेले लोक तेव्हा सर्रास मारत. त्या बाईचं नाक मुरडणं तिथलं आहे.

या शब्दाला आणखी एक पदर आहे, आणि तो ‘उपनगरी’त अजिबात उतरत नाही. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारात एक कलमच होतं: गोऱ्या वंशाबाहेरच्या माणसाला घरात राहू द्यायचं नाही, नोकर म्हणून ठेवलं तर चालेल. असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला, पण काळ्यांना घर न विकण्याचं धोरण कंपनीने सोडलं नाही. त्याच कंपनीच्या पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये १९५७च्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे काळं जोडपं एका मूळ मालकाकडून घर घेऊन राहायला आलं, तेव्हा दारापुढे जमाव जमला, दगडफेक झाली, राज्याचे पोलीस बोलवावे लागले.

आपल्याकडे ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द ज्यांना बाहेर ठेवलं त्यांच्यासाठी आहे. युरोपातही सबर्ब एके काळी तसंच होतं. सोळाव्या शतकातल्या लंडनमध्ये वेश्यागृहं आणि नाटकघरं वेशीबाहेरच्या वस्त्यांत असत. युद्धानंतरच्या अमेरिकेत हे उलटं झालं: ऐपतवाले गोरे कुसाबाहेर गेले आणि ज्यांना टाळायचं होतं ते शहरात मागे राहिले.

कुणी ‘पांढरपेशी’ सुचवेल. तोही फसवा आहे, कारण पेनसिल्व्हेनियाच्या त्या वसाहतीत पोलाद कारखान्यातले कामगारही राहत होते.

मी असतो तर ‘सबर्ब’ तसाच ठेवला असता. कथेत आधी कुठे हिरवळ, गॅरेज, एकाच साच्यातली घरं यांचं वर्णन येत असेल तर तिथेच तो पेरून ठेवा. मग संवादात ‘ती पार सबर्बातली झालीये गं’ एवढं पुरेल. नाकाचा मुरका ‘पार’ आणि ‘गं’मध्ये येतो. ‘उपनगर’ टाकून द्यायची गरज नाही. ‘तो रोज उपनगरातून शहरात कामाला यायचा’ अशा साध्या वाक्यात, जिथे फक्त अंतर सांगायचं आहे, तिथे तो खुशाल वापरा.