उंदरांना हलका मार, आणि वर्षभराची वाट

प्रश्न : माझा मुलगा फुटबॉल खेळतो. यंदा दोनदा त्याचं डोकं आपटलं. दोन्ही वेळा सीटी स्कॅन स्वच्छ आला, दुसऱ्या दिवशी तो हसतखेळत होता. उंदरांच्या डोक्याला पुन्हापुन्हा हलका मार देऊन वर्षभर बघतात म्हणे. त्यावरून माणसाचं काय कळणार?

उत्तर : हे काम मी स्वतः केलंय. उंदराला भूल देतात, कवटी न उघडता मोजून धक्का देतात, मग उताणा ठेवून घड्याळ लावतात. तो आपण होऊन पालथा व्हायला किती वेळ लागतो, ते टिपायचं. शेजारी नुसती भूल दिलेला उंदीर असतोच. तो नसेल तर भुलेचा परिणाम कुठला आणि माराचा कुठला, सांगता येत नाही. थोड्या वेळाने दोघंही पिंजऱ्यात मिशा साफ करत बसतात. मार कुणाला बसला, मला नुसतं बघून कधीच ओळखता आलं नाही.

म्हणून तर वाट बघायची. उंदराचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं, त्यामुळे एक वर्ष म्हणजे त्याची मध्यमवयाची उमर. वारंवार मार बसलेल्यांच्या मेंदूत तेव्हाही, दोन अर्धगोल जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यात, दाह धुमसताना दिसलाय. सीटी स्कॅन मुख्यतः रक्तस्राव आणि हाड मोडलंय का ते दाखवतो. हे त्यात दिसत नाही.

सगळ्यात मोलाची गोष्ट दोन मारांमधल्या अंतराची. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोज किंवा आठवड्याने मार बसलेले उंदीर पाण्यात बुडवलेला चौथरा कुठे होता ते आठवून शोधण्यात मागे पडले. महिन्याच्या अंतराने मार बसलेले पडले नाहीत. इथे एक फसगत होते. अशा मारात डोळ्यांकडून येणारे तंतूही दुखावतात. म्हणून चौथरा पाण्यावर दिसेल असा ठेवूनही चाचणी घ्यावी लागते, नाहीतर अंधुक दिसणाऱ्याला आपण विसराळू ठरवू.

उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमचाही नसतो, त्याला आपल्यासारख्या वळ्या नसतात, त्याच्या मेंदूच्या पेशींमधलं टाऊ नावाचं प्रथिनही वेगळं. तुमच्या मुलाचं भविष्य त्यातून वाचता येणार नाही. पण मार बसला की त्या दिवशी खेळ बंद, आणि त्रास पूर्ण थांबून डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय मैदानावर परत नाही, एवढं मात्र पाळाच.

दोन्ही मारांमध्ये किती दिवस गेले, ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन्ही तारखा आठवून कागदावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.