जीप रँग्लर टीजेसाठी मागचा ॲक्सल निवडताना

तुमच्या टीजेला मागे डाना ३५ हा ॲक्सल असेल आणि ३३ इंची टायर व लॉकर (ॲक्सलची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवणारे साधन) बसवण्याचा विचार असेल, तर आधी ॲक्सल बदलावा, कारण २७ स्प्लाइनचे (टोकाला २७ खाचा असलेले) त्याचे शाफ्ट आणि बारीक नळ्या खडकांतला ताण फार काळ सोसत नाहीत. डाना ४४ जवळपास जसाच्या तसा बसतो, पण मागणीमुळे महाग पडतो. माझा कौल १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररमधल्या ‘८.८’ ॲक्सलला आहे: ३१ स्प्लाइन, सुमारे १.३१ इंच जाडीचे शाफ्ट, रुंदी जवळपास तितकीच, नटांचा ५ बाय ४.५ इंचांचा आराखडाही तोच आणि बहुतेकांना डिस्क ब्रेक.

जंकयार्डमध्ये डिफरन्शियलच्या (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या भागाच्या) झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची चकती असते. तिच्यावरचे गिअरचे गुणोत्तर वाचून पुढच्या ॲक्सलशी जुळणाराच घ्यावा, अन्यथा फोर-व्हील ड्राइव्ह लावताच दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झुंजतील. चकती गळाली असल्यास (बहुधा गळालेलीच असते) झाकण उघडून मोठ्या रिंग गिअरचे आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियन गिअरचे दात मोजावेत.

खरा खर्च वेल्डिंगचा आहे. एक्सप्लोररला पाट्यांच्या स्प्रिंग असल्याने त्यांच्या बैठका कापून कॉइल स्प्रिंग आणि कंट्रोल आर्मचे ब्रॅकेट जोडावे लागतात, तेही पिनियनचा कोन गाडीवर तपासल्यानंतरच. नळ्या मधल्या बिडाच्या भागात दाबून बसवलेल्या असतात. त्या फिरू नयेत म्हणून अनुभवी वेल्डरकडून तिथेही जोड द्यावा. शाफ्ट मात्र यातही सी-क्लिपवरच (आतल्या टोकाला अडकवलेल्या सी आकाराच्या कड्यांवर) टिकतात आणि शाफ्ट तुटला तर चाक बाहेर येऊ शकते, त्यामुळे ३५ इंची टायर घालायचे असतील तर डाना ६० चा विचार करावा.