नॉन-लीग फुटबॉलचा अख्खा सीझन बघण्यासारखा असतो का?

तुम्ही विचारलंय की प्रीमियर लीग वर्षानुवर्षं बघताय, आता सप्टेंबरमध्ये शिकायला नॉटिंगहॅमला निघालाय, तर तिथलं 'नॉन-लीग' म्हणजे नक्की काय आणि त्यासाठी वेळ आणि पैसे घालवावेत का.

जरूर घालवा. मी काही वर्षं त्याच गावात नोकरीला होते आणि 2022-23 चा नॅशनल लीगचा सीझन ऑगस्टपासून मेपर्यंत जवळून पाहिला. त्या एका सीझनवरूनच सांगते.

आधी शब्दाचा अर्थ. इंग्लिश फुटबॉलमधल्या सर्वांत वरच्या प्रीमियर लीगचे 20 आणि तिच्याखालच्या तीन विभागांचे 72, असे 92 क्लब म्हणजे 'लीग'. त्यांच्याखालचे सगळे नॉन-लीग. त्यात सर्वांत वर, म्हणजे एकूण पाचव्या पातळीवर, 24 क्लबांची नॅशनल लीग. तिच्याखाली तिचेच उत्तर आणि दक्षिण विभाग, मग प्रादेशिक लीग, असं करत करत गावच्या मैदानापर्यंत. वरच्या टोकाला बरेच क्लब पूर्णवेळ पगारी आहेत. खाली उतराल तसे दिवसा नोकरी करून मंगळवारी रात्री खेळायला येणारे खेळाडू दिसतात.

वर जायची वाट फार अरुंद. त्या सीझनला 24 पैकी फक्त दोघांना जागा होती: पहिला थेट वर, आणि दुसऱ्या ते सातव्या क्रमांकाच्या सहा संघांतून प्लेऑफ, म्हणजे शेवटचे बाद सामने, जिंकणारा एक. पूर्वी तर तेवढंही नव्हतं. 1986-87 च्या आधी पाचव्या पातळीवर पहिलं येऊनही लीगमध्ये घ्यायचं की नाही हे वरचे क्लब मतदानानं ठरवायचे.

गावातला दुसरा क्लब नॉटिंगहॅम फॉरेस्ट 2022 मध्येच प्रीमियर लीगमध्ये परतला होता, तिकिटांसाठी झुंबड. म्हणून मी ट्रेंट नदीच्या अलीकडच्या मैदानावर, मेडो लेनवर, नॉट्स काउंटी बघायला लागले. 1862 साली स्थापन झालेला हा जगातला सर्वांत जुना व्यावसायिक क्लब. युव्हेंटसचे काळे-पांढरे पट्टे मूळचे यांचे, 1903 मध्ये इथून जर्सी मागवल्या होत्या. 2019 मध्ये हा क्लब लीगमधून खाली पडला तेव्हा त्याच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं होतं. माझ्या शेजारचे आजोबा पोरवयापासून तिथे जाणारे. त्यांच्या शेजारची खुर्ची मी ऑगस्टात धरली ती सोडलीच नाही. मी कोल्हापूरची. बाबांच्या खांद्यावर बसून शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील विरुद्ध शिवाजी असे फुटबॉल सामने बघत वाढलेली. मला ती खुर्ची परकी वाटली नाही.

काउंटीच्या वाटेत एकच संघ होता, वेल्सचा रेक्सहॅम. हॉलिवूडचे रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकलहेनी यांनी 2021 मध्ये तो क्लब घेतला, त्यामुळे जगभर त्याचं नाव झालं. पैसा त्यांच्याकडे होता हे खरं, पण 2008 पासून लीगबाहेर राहिलेल्या त्या गावाची भूक पैशानं आलेली नव्हती. त्यांचा पॉल मलिन गोल करत सुटला, त्यानं त्या सीझनला नॅशनल लीगमध्ये 38 केले. आमच्याकडे मकॉली लँगस्टाफ. त्यानं 42 केले आणि नॅशनल लीगचा विक्रम मोडला. हा लँगस्टाफ आणि त्याचा जोडीदार सेडविन स्कॉट दोघेही 2022 च्या उन्हाळ्यात सहाव्या पातळीवरच्या गेट्सहेडमधून आलेले. स्कॉटचं नाव लक्षात ठेवा.

मार्चच्या अखेरीस काउंटीचे मुख्य कार्यकारी जेसन टर्नर अचानक वारले, 50 वर्षांचे होते. क्लब त्या धक्क्यात असतानाच 10 एप्रिल उजाडला, ईस्टरचा सोमवार. रेक्सहॅमच्या रेसकोर्स मैदानावर दोन्ही संघ उतरले तेव्हा दोघांचेही बरोबर 100 गुण होते. आधीच्या बहुतेक सीझनला पहिलं यायला पुरले असते इतके.

मी तो सामना आजोबांच्या घरी टीव्हीवर पाहिला. बॉस्टॉकच्या फ्री किकवर आम्ही पुढे गेलो, मग 1-1, 1-2, कॅमेरॉनच्या हेडरवर 2-2, आणि त्यांच्या एलियट लीच्या गोलवर 2-3. इंज्युरी टाइममध्ये आम्हाला पेनल्टी मिळाली. रेक्सहॅमच्या गोलमध्ये बेन फॉस्टर, इंग्लंडकडून खेळलेला, वयाच्या चाळिशीत. सप्टेंबरमध्ये निवृत्त झालेल्या या माणसाला गोलकीपर जखमी झाला म्हणून मार्चमध्ये परत बोलावलं होतं. पेनल्टी घ्यायला स्कॉट आला. फॉस्टर उजवीकडे झेपावला आणि चेंडू बाहेर ढकलला. अख्खं रेसकोर्स उसळलं. आजोबा उठून स्वयंपाकघरात गेले. किटलीचा आवाज आला, पण बराच वेळ ते चहा घेऊन आले नाहीत.

22 एप्रिलला रेक्सहॅमनं बोरहॅम वुडला 3-1 हरवून 15 वर्षांनी लीग गाठली. शेवटी त्यांचे 111 गुण झाले आणि आमचे 107. नॅशनल लीगचा गुणांचा आधीचा विक्रम 105 होता, म्हणजे आम्हीही तो मोडून दुसरे आलो. 46 सामन्यांत दोन्ही संघ फक्त तीन-तीन हरले. तिसऱ्या चेस्टरफील्डचे 84. तरीही प्लेऑफमध्ये आम्ही दोघं सारखेच. हा नियम मला तेव्हाही अन्यायाचा वाटला, आजही वाटतो. 107 गुणांच्या संघाला एका दुपारच्या चुकीवर घरी पाठवता येतं, हे बरोबर नाही.

आणि ते जवळजवळ घडलंच. मेडो लेनवरच्या उपांत्य सामन्यात मध्यंतराला बोरहॅम वुड 2-0 पुढे. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला बचावपटू एडन बॉल्डविननं एक फेडला आणि इंज्युरी टाइममध्ये, सगळं संपल्यात जमा असताना, त्यानंच दुसरा केला. मग 120 व्या मिनिटाला जोडी जोन्सनं लांबून डाव्या पायानं मारलेला चेंडू जाळीत गेला. माझ्या पुढच्या रांगेतली बाई, आठ महिने जिच्याशी मी फक्त 'हॅलो' म्हटलं होतं, वळून मला घट्ट बिलगली आणि सोडेचना.

13 मे, वेम्बली, समोर चेस्टरफील्ड. सुरुवातीलाच आमचा गोलकीपर स्लोकोमच्या चुकीनं त्यांना पेनल्टी मिळाली, 0-1. बॉस्टॉकनं 87 व्या मिनिटाला फ्री किकवर बरोबरी साधली. ज्यादा वेळेत पुन्हा मागे पडलो, पुन्हा रॉड्रिग्जनं बरोबरी केली. टायब्रेकर जवळ येताच प्रशिक्षक ल्यूक विल्यम्सनं स्लोकोमला बाहेर बोलावून केवळ टायब्रेकरसाठी आर्ची मेअर या तरुण गोलकीपरला उतरवलं. मेअरनं पेनल्टी अडवल्या. मग निर्णायक पेनल्टीसाठी मध्यरेषेवरून एक जण चालत निघाला. तो स्कॉटच होता. आजोबांनी माझं मनगट पकडलं. स्कॉटनं चेंडू ठेवला, मागे गेला, धावला आणि गोल केला. 4-3. काउंटी वर.

खालचं टोकही सांगते, कारण सीझन तिथेही तितकाच खरा असतो. त्या वर्षी चार संघ सहाव्या पातळीवर घसरले: स्कनथॉर्प, येओव्हिल, टॉर्की, मेडस्टोन. स्कनथॉर्प 2011 पर्यंत दुसऱ्या पातळीवर होता. आणि त्याच मेडस्टोननं पुढच्या जानेवारीत एफए कपमध्ये, म्हणजे वरपासून खालपर्यंतच्या क्लबांच्या बाद स्पर्धेत, इप्सविचला त्यांच्याच घरी 2-1 हरवलं. तो इप्सविच त्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये गेला.

काउंटी आता वर गेल्यामुळे नॉन-लीग बघायला तुम्हाला आसपासच्या गावांत जावं लागेल. सहाव्या पातळीपासून खालच्या मैदानांवर शक्यतो जा. वरच्या पाच पातळ्यांवर मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला कायद्यानं बंदी आहे, त्याखाली लोक ग्लास हातात घेऊन कठड्याला टेकलेले असतात. जिथे दोन्हीकडच्या प्रेक्षकांना वेगळं बसवत नाहीत तिथे हाफटाइमला झेंडे, पोरं, कुत्री घेऊन सगळा घोळका चालत दुसऱ्या गोलमागे जातो, कारण आता आपला संघ तिकडे हल्ला करणार असतो. गोलकीपरचं ओरडणं शब्द न् शब्द ऐकू येतं.

तुम्ही पोचाल तेव्हा एफए कपच्या पात्रता फेऱ्या चालू असतील. जवळच्या क्लबचा सामना शोधा, शनिवारी दुपारी तीनला पोचा आणि सप्टेंबर असला तरी जाड जाकीट घेऊन जा.