एकाच मुलाची वारंवार घेतलेली वजनं: मल्टिलेव्हल मॉडेल शिकायला सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की बीड जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांमधल्या मुलांची दर महिन्याची वजनं हाताशी आहेत, एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये साधं रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणारी रेषा) जमतं आणि गाइडनी 'मल्टिलेव्हल करा' एवढंच सांगितलंय. आता आर शिकू की स्टाटा, या दोन सांख्यिकी सॉफ्टवेअरपैकी कोणतं?

विद्यापीठात स्टाटाचं लायसन्स असेल तर स्टाटा, नसेल तर आर. आर फुकट आहे आणि त्यातलं एलएमई-फोर पॅकेज तुमच्या कामाला पुरून उरेल. या निवडीत आठवडे घालवू नका. खरं शिकायचंय ते दुसरंच.

तुमचा डेटा तीन पातळ्यांचा आहे: वजनं एका मुलाची, मुलं एका अंगणवाडीतली. एकाच मुलाची बारा वजनं म्हणजे बारा वेगळी मुलं नव्हेत, पण साधं रिग्रेशन तसंच धरून चालतं. मल्टिलेव्हल मॉडेल मात्र कोणतं वजन कोणत्या मुलाचं आणि कोणतं मूल कोणत्या अंगणवाडीतलं, हे लक्षात घेतं. हे कागदावर काढा, मगच संगणकाकडे वळा.

आणि पहिला सराव स्वतःच्या डेटावर करू नका. एलएमई-फोरसोबतच 'स्लीपस्टडी' नावाचा डेटा येतो. त्यात १८ माणसं, प्रत्येकाच्या १० दिवसांच्या नोंदी, एकूण १८० ओळी. रात्री तीनच तास झोपायला मिळालं की प्रतिक्रियेला किती मिलिसेकंद लागतात, ते रोज मोजलंय. आधी प्रत्येक माणसाचा वेगळा आलेख काढा. एक जण रोज वीसेक मिलिसेकंदांनी मंदावत जातो, तर एकाची रेषा जवळपास आडवीच राहते.

आता फक्त रँडम इंटरसेप्ट घालून, म्हणजे प्रत्येकाच्या रेषेला सुरुवातीची वेगळी उंची देऊन, मॉडेल चालवा. दिवसाला १०.४७ मिलिसेकंद वाढ येईल, स्टँडर्ड एरर (हा अंदाज किती डळमळीत आहे ते सांगणारा आकडा) ०.८०. मग दिवसाचा रँडम स्लोपही घाला, म्हणजे प्रत्येकाच्या रेषेला चढही वेगळा द्या. वाढ तीच, १०.४७, पण स्टँडर्ड एरर १.५५, म्हणजे जवळजवळ दुप्पट! पहिल्या मॉडेलनं सगळ्यांचा मंदावण्याचा वेग एकच मानला होता, म्हणून ते नको तितकं ठाम बोलत होतं. हा फरक का पडला हे तुम्हाला कुणाला तरी तोंडी समजावून सांगता आलं, की विषयाचा गाभा हाती आला असं मी मानतो.

जमलं तर हेच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही करून पाहा. स्टाटाची 'मिक्स्ड' कमांड, तुम्ही काही सांगितलं नाही तर, इंटरसेप्ट आणि स्लोप यांच्यातला सहसंबंध शून्य धरते. तो मोकळा सोडायला 'अनस्ट्रक्चर्ड' असं लिहावं लागतं. आर तो आपणहून मोजतं. शिवाय मॉडेलचे आकडे काढायला आर मुळात रिस्ट्रिक्टेड मॅक्झिमम लाइकलिहूड ही पद्धत वापरतं, स्टाटा साधं मॅक्झिमम लाइकलिहूड. या दोन गोष्टी सारख्या केल्या की आकडे जुळतात, आणि ते जुळवताना जे कळतं ते नुसतं वाचून कळत नाही. वाचायचंच असेल तर ब्रिस्टल विद्यापीठाच्या सेंटर फॉर मल्टिलेव्हल मॉडेलिंगचा 'लेमा' हा ऑनलाइन कोर्स मोफत आहे.

मग तुमच्या डेटाकडे या. एका मुलाची एक ओळ असेल तर ती मोडून एका वजनाची एक ओळ करा. काळ म्हणून भेटीचा क्रमांक घेऊ नका, वय महिन्यांत घ्या, आणि ते समजा बारा महिन्यांपासून मोजा. म्हणजे इंटरसेप्ट हे एक वर्षाच्या मुलाचं वजन होईल. लहान मुलाची वाढ सरळ रेषेत होत नाही, तेव्हा वयाचा वर्गही (वय गुणिले वय) घालून पाहा.

बीडचा डेटा म्हटल्यावर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती रिकाम्या महिन्यांची. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतली मुलं मार्च-एप्रिलपर्यंत वजनकाट्यावर येतच नाहीत. मल्टिलेव्हल मॉडेल अशा मुलाला गाळत नाही, असतील तेवढी वजनं वापरतं, हा त्याचा मोठा गुण. पण त्यामागे एक गृहीतक आहे: वजन का सापडलं नाही, याचं कारण नोंदलेल्या माहितीतच कुठेतरी आहे. फडावर मुलाचं वजन घटलं आणि ते कुणी मोजलंच नाही, तर तुमची रेषा खऱ्यापेक्षा चांगली दिसेल, आणि कोणतंही सॉफ्टवेअर त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. म्हणून स्थलांतराचा वेगळा रकाना करा. जाणाऱ्या आणि राहणाऱ्या मुलांची ऑक्टोबरमधली वजनं शेजारी ठेवून बघा, परतल्यावरचं पहिलं वजनही बघा. सेविकाताईंना विचारलंत तर कोणतं घर कधी गेलं, ते त्यांना बहुतेक वेळा माहीत असतं.